ट्रकने धडक दिली, पुढे काय? जखमीचा दावा आणि शेजाऱ्यांचं काम

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवाच्या आनंदात अपघाताचा विषय कशाला काढता, असं मला एक-दोघांनी जिन्यात गाठून विचारलं. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण आपण राहतो कुठे ते बघा. एका अंगाला कळंबोलीचं स्टील मार्केट, दुसऱ्या अंगाला तळोजा एमआयडीसी. न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर रात्रंदिवस इथूनच ये-जा करतात. पुण्याचा एक्सप्रेसवे इथून सुरू होतो, गोव्याचा रस्ता पनवेलहून फुटतो. आपली मुलं स्कूटरवरून कॉलेजला जातात ती याच रस्त्यांनी, आणि वहिनी भाजी आणायला रस्ता ओलांडतात तो लोखंडाच्या सळ्या भरलेल्या ट्रेलरच्या समोरून. त्यामुळे विषय अशुभ असला तरी आपल्या दारातला आहे.

मी बोलतोय याचं कारण एवढंच की माझी नोकरी विमा कंपनीत, मोटार दाव्यांच्या खात्यात गेली. म्हणजे जखमी माणसाचा दावा ज्या टेबलावर तपासला जातो, त्या टेबलावर मी बसत होतो. तिथे मला एक गोष्ट कायम दिसली. ज्यांना हक्कापेक्षा कमी पैसे मिळाले, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत कायदा आड आला नव्हता. फायलीत कागद नव्हता म्हणून ते हरले. आणि कागद का नव्हता? कारण ज्याचा दावा होता तो ऑपरेशन थिएटरमध्ये होता, बायको आयसीयूच्या दारात होती, मुलं लहान होती. कागद गोळा करणार कोण?

म्हणून मी आज वकिली शिकवायला उभा नाही. जखमी माणूस अंथरुणाला खिळलेला असतो त्या पहिल्या काही आठवड्यांत शेजाऱ्यांनी काय करायचं, तेवढं सांगतो.

भरपाई देतो कोण?

आधी एक गैरसमज दूर करू. पुष्कळ लोक म्हणतात, "जाऊ द्या हो, बिचारा ड्रायव्हर गरीब आहे, त्याच्याकडून काय घ्यायचं?" माणुसकी चांगली आहे, पण हिशेब चुकतोय. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १४६ तेच सांगतं. थर्ड पार्टी म्हणजे तुम्ही-आम्ही, रस्त्यावरचा त्रयस्थ माणूस. दावा चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांवर होतो आणि साधारणपणे पैसे कंपनी भरते. त्या विम्याचा हप्ता मालकाने याच कामासाठी भरलेला असतो.

चालकाचं लायसन्स बोगस निघालं किंवा ट्रकला परमिट नव्हतं, तर? कंपनी तो मुद्दा काढते. पण अशा प्रकरणांत न्यायालयं बहुधा असा आदेश देतात की कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत. त्यामुळे "त्याच्याकडे लायसन्सच नव्हतं, आता काही मिळायचं नाही" असं कोणी सांगितलं तर हातपाय गाळू नका.

दुसरं, पोलीस केस वेगळी आणि भरपाईचा दावा वेगळा. पोलीस केस चालकाला शिक्षा व्हावी म्हणून असते, तिथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. तिथे कोणाची बाजू जास्त संभाव्य वाटते हे बघतात. चालक फौजदारी खटल्यातून सुटला म्हणून तुमचा दावा आपोआप बुडत नाही.

पहिला दिवस

पहिलं काम उपचार. १०८ ला किंवा ११२ ला फोन करा. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांनी अडकवू नये यासाठी कायद्यात कलम १३४अ आहे. तुम्हाला नावसुद्धा सांगायची सक्ती नाही. तेव्हा "नको ती भानगड" म्हणून पुढे जाऊ नका. मे २०२५ पासून केंद्र सरकारची रोखरहित उपचार योजनाही लागू झाली आहे. तिच्यात नेमलेल्या रुग्णालयांमध्ये अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार मिळू शकतो. हॉस्पिटलच्या काउंटरवर डिपॉझिटचं बोलणं सुरू व्हायच्या आधी या योजनेचं नाव काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. हा मी दोनदा सांगेन, चालेल ना?

हॉस्पिटलमध्ये नेल्यावर डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" आणि घाबरलेला नातेवाईक पोलिसांचं झंझट नको म्हणून सांगून टाकतो, "गाडीवरून घसरून पडले." डॉक्टर केस पेपरवर तेच लिहितात. झालं! त्या एका ओळीने ट्रक गायब होतो. पुढे दोन वर्षांनी न्यायाधिकरणात कंपनीचा वकील तो केस पेपर काढतो आणि म्हणतो, "साहेब, पहिल्या दिवशी हे स्वतः म्हणाले की घसरून पडलो. ट्रक नंतर जोडलाय." मी कंपनीच्या बाजूने बसून सांगतो, आमच्या हाती लागलेला याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नसायचा. मग खरं असूनही सिद्ध करताना दावेदाराच्या नाकी नऊ यायचे.

तेव्हा पुन्हा सांगतो. हॉस्पिटलमध्ये जे घडलं तेच सांगा. "ट्रकने मागून धडक दिली," आणि माहीत असेल तर ट्रकचा नंबर. एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस म्हणून नोंद करायला सांगा आणि तो एमएलसी नंबर लिहून घ्या. एमएलसीला घाबरायचं कारण नाही, ती जखमीच्या बाजूची नोंद आहे.

घटनास्थळी जो असेल त्याने मोबाईलवर फोटो काढावेत. ट्रक कुठे उभा आहे, चाकांच्या खुणा, स्कूटर कुठे पडली, रस्त्यावरचे दिवे चालू होते की बंद, सगळं आलं पाहिजे. ट्रेलर असेल तर पुढच्या भागाचा आणि मागच्या ट्रेलरचा, दोन्ही नंबर टिपा. दरवाजावर ट्रान्सपोर्टवाल्याचं नाव आणि फोन रंगवलेला असतो, त्याचा फोटो घ्या. ज्यांनी पाहिलं त्यांची नावं आणि मोबाईल नंबर त्याच वेळी घ्या. दुसऱ्या दिवशी पानटपरीवाला म्हणतो, "मी तर तिथे नव्हतोच." पहिल्या दहा मिनिटांत मात्र तोच सगळं सांगत असतो.

पहिले काही आठवडे

एफआयआर जखमीनेच द्यायला हवा असं नाही. नातेवाईक, शेजारी, पाहणारा, कोणीही देऊ शकतो. देणाऱ्याला प्रत मोफत मिळते. ती घ्या आणि तिथेच उभं राहून वाचा. तारीख, वेळ, ठिकाण, गाडीचा नंबर बघा. नंबरात एक आकडा चुकला तर पुढे दुरुस्त करताना फार दमछाक होते.

नव्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो, आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. न्यायाधिकरण त्या अहवालालाच दावा मानू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये या नियमांची नीट अंमलबजावणी करायला सांगितलं आहे. पण पोलीस ठाण्यावर कामाचा बोजा किती असतो ते आपण जाणतो. म्हणून सोसायटीतल्या एकाने आठ-दहा दिवसांनी ठाण्यात जाऊन विनम्रपणे विचारावं, "साहेब, अहवाल गेला का?" भांडायला नको, नुसतं विचारत राहायचं.

सीसीटीव्हीचं काम तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच करायला हवं. दुकानं, पेट्रोल पंप, सोसायट्यांचे गेट यांच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. फूटेज मिळालं तर तारीख-वेळेसकट पूर्ण घ्या, कापून-जोडून नको. पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, ते वकील सांगतील.

आणि एक पिशवी करा. साधी कापडी पिशवी चालेल. तिच्यात हे टाकत जायचं:

एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, ट्रकचं आरसी, विमा पॉलिसी आणि चालकाचं लायसन्स यांच्या प्रती. हे सगळं पोलिसांकडून मिळतं.

हॉस्पिटलचे केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, ऑपरेशनच्या नोंदी. औषधांचं प्रत्येक बिल. मेडिकल स्टोअरचा साधा कागद नको, पक्कं बिल हवं.

रिक्षा-टॅक्सीचे पैसे, घरी ठेवलेल्या आयाचा किंवा ब्रदरचा पगार, फिजिओथेरपीच्या पावत्या.

पगारपत्रक, आयकर विवरणपत्र, ऑफिसचं रजेचं पत्र. आजारपणात हक्काची रजा खर्ची पडली तर तीही दाव्यात मागता येते. स्वतःचा धंदा असेल तर बँक पासबुक, बिलबुक, गिऱ्हाइकांची नावं.

इथे एक व्यवहारातली अडचण येते. मेडिक्लेम कंपनी मूळ बिलं मागते. देण्याआधी पूर्ण झेरॉक्स काढा आणि शक्य असेल तर हॉस्पिटलकडून शिक्का मारून घ्या. आणि कोणी म्हणालं की मेडिक्लेममधून पैसे मिळाले, आता उपचाराचा खर्च पुन्हा मागता येणार नाही, तर ऐकू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये सांगितलं आहे की मेडिक्लेमची रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करायची नाही. तो हप्ता तुम्ही तुमच्या खिशातून भरलेला असतो.

सहा महिने

पूर्वी दाव्याला मुदत नव्हती. म्हणून जुने लोक सांगतात, "काही घाई नाही, बरे व्हा मग बघू." तो सल्ला आता जुना झाला. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ प्रमाणे दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत करायचा आहे. या मुदतीवर वरच्या न्यायालयात वाद झालेले आहेत, पण आपल्या घरातल्या दाव्याचा प्रयोग कशाला करायचा? फ्रॅक्चर जुळायला तीन महिने, पुन्हा प्लेट बसवायला दोन महिने, आणि बघता बघता मुदत जाते. उपचार चालू असले तरी दावा दाखल करता येतो. पुढचे कागद नंतर जोडता येतात.

दावा कुठे करायचा? अपघात झाला तिथे, किंवा जखमी राहतो अथवा व्यवसाय करतो तिथे, किंवा प्रतिवादी राहतो तिथे. म्हणजे साताऱ्याजवळ ट्रकने उडवलं तरी पट्टी बांधलेल्या पायाने साताऱ्याला खेपा घालायची गरज नाही. आपल्या भागातल्या न्यायाधिकरणात दावा चालतो.

पैसे मोजतात कसे?

जखमीच्या दाव्यात झालेला खर्च, बुडालेली कमाई, पुढच्या उपचारांचा खर्च, पुढच्या आयुष्यात कमी होणारी कमाई, वेदना, आणि गमावलेली सुखं असे भाग असतात. यातला सगळ्यात मोठा आकडा बहुधा पुढच्या कमाईचा असतो, आणि तिथेच लोक कमी पडतात. एक कल्पित उदाहरण घेऊ.

समजा ३४ वर्षांचा एक इलेक्ट्रिशियन आहे. महिन्याला २०,००० रुपये कमावतो, वर्षाचे झाले २,४०,०००. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र व्यावसायिकाच्या कमाईत पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवतात. झाले ३,३६,०००. मग २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या कोष्टकाप्रमाणे ३१ ते ३५ वयाला गुणक १६. गुणाकार केला की ५३,७६,०००. आता याच्यातला किती हिस्सा मिळणार, ते अपंगत्वावर ठरतं. डॉक्टरांच्या दाखल्यात पायाचं अपंगत्व ४० टक्के लिहिलंय. तेवढंच धरलं तर २१,५०,४०० रुपये होतात.

पण थांबा. इलेक्ट्रिशियनला शिडीवर चढावं लागतं. तो जर शिडीवर चढूच शकत नसेल, तर त्याची कमाई ४० टक्क्यांनी कमी होईल की जास्त? सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात, हेच स्पष्ट केलं आहे. शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेलेल्या सुताराचं जवळजवळ सगळं काम जातं, तर सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. दाखला दोघांचा सारखाच. आपल्या इलेक्ट्रिशियनच्या बाबतीत न्यायाधिकरणाने कमाईचं नुकसान ६० टक्के धरलं तर रक्कम ३२,२५,६०० होते. फरक १०,७५,२०० रुपयांचा. हा फरक कशावर अवलंबून आहे? तो रोज नेमकं काय काम करायचा, हे सांगणाऱ्या दोन-तीन माणसांच्या साक्षीवर आणि डॉक्टरांच्या साक्षीवर. दाखला नुसता फाईलला लावून भागत नाही, दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागतं.

इथे शेजारी कामाला येतात. "हे माझ्या घरचं वायरिंग करून गेले होते, महिन्यातून अमुक इतकी कामं करायचे," असं सांगायला बिल्डिंगमधला माणूस उभा राहिला तर त्याची किंमत लाखांत होते.

घरातल्या बायकांचंही सांगतो. "ती काही कमावत नव्हती" हे वाक्य वकिलासमोर बोलू नका. घर चालवण्याच्या कामाला पैशातली किंमत आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी, २०२१ मध्येही, सांगितलं आहे. गृहिणीचाही दावा कमाईच्या हिशेबाने चालतो. आणि माझ्यासारख्या निवृत्तांचं पेन्शन चालू राहिलं तरी उपचार, मदतनीस, वेदना यांची भरपाई मिळतेच.

"चूक तुमचीही होती"

हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. कंपनीचं ते कामच आहे. चूक खरोखर दोघांची असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते, हे मान्य केलं पाहिजे. पण प्रत्येक वेळी मान डोलवू नका. तुम्ही रिक्षात मागे बसला होतात आणि रिक्षा व ट्रक दोघांच्या चुकीने अपघात झाला, तर तुमची चूक शून्य. तुम्ही दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकता. तसंच रात्री दिवे न लावता रस्त्यात उभ्या केलेल्या गाडीवर मागून आदळलं, तर लगेच "मागून आदळला तोच दोषी" असं धरत नाहीत. २०१८ मध्ये अशाच एका टँकरच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने निम्मी चूक कारवाल्यावर टाकली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने पुसून टाकली. आपल्या सर्व्हिस रोडवर रात्री किती ट्रेलर दिवे बंद करून उभे असतात, ते मी सांगायला नको. अशा वेळी दिवे बंद होते, मागे त्रिकोण नव्हता, हे दाखवणारा एक फोटो फार मोलाचा असतो.

ट्रक पळून गेला तर

नंबर मिळालाच नाही, तर सरकारच्या निधीतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात. रक्कम थोडी आहे, म्हणून आधी नंबर शोधायचा कसून प्रयत्न करायचा. टोलनाके, पंप, कॅमेरे, सगळीकडे.

ट्रक सापडला आहे पण चूक कोणाची यात पडायचं नसेल, तर कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. पण सावधान! ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. मघाचे ३२ लाख आठवा. हातात येणाऱ्या अडीच लाखांवर सही करण्याआधी एकदा वकिलाला विचारा.

मिटवून टाकणारे आणि टक्केवारीवाले

हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये दोन प्रकारची माणसं भेटतात. एक, मालकाचा माणूस. "काका, वीस-पंचवीस हजार घ्या, कोर्टकचेरी कशाला?" घरात पैशाची निकड असते, मोह होतो. पण त्याच्यासोबत "आमची काही तक्रार नाही" असा कागद असतो. त्यावर सही करू नका. औषधाला पैसे कमी पडत असतील तर आपण सोसायटीत गोळा करू, पण त्या कागदावर सही नको.

दुसरा, केस मिळवून देणारा एजंट. "आधी काही देऊ नका, मिळालेल्या रकमेतले इतके टक्के." वकिलाने निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेच्या हिश्शावर फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. चांगला वकील फी सरळ सांगतो आणि पावती देतो. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि दिव्यांग व्यक्ती यांना कमाई न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत.

लोकअदालतीत तडजोड करायला हरकत नाही, तिथे लवकर पैसे मिळतात. पण तो निवाडा अंतिम असतो, अपील नाही. म्हणून जाण्याआधी मघासारखा गुणाकार कागदावर करून जा.

आपल्याच आवारातल्या चार गोष्टी

आपला वॉचमन, घरकाम करणाऱ्या मावशी, दूधवाला, पार्सल आणणारा मुलगा यांनाही हा सगळा कायदा तितकाच लागू आहे, आणि त्यांना सांगणारं कोणी नसतं. कामावर असताना अपघात झाला तर कामगार भरपाईचा कायदा आणि मोटार कायदा यांपैकी एकच वाट निवडता येते. निवडण्याआधी विचारून घ्यायला सांगा.

गणपती विसर्जनाला आपण मालाच्या टेम्पोत पन्नास जण बसतो. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी सक्तीच्या विम्यात येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. पुढच्या वर्षी मूर्ती टेम्पोत आणि माणसं बसमध्ये, एवढं आपण ठरवूया.

जुनी स्कूटर विकली की आरसी नावावरून काढा. नोंदणीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. विकून दोन वर्षं झाली तरी नोटीस तुमच्याच दारात येते.

आणि विम्याच्या नूतनीकरणात मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे ना, ते बघा. चूक आपलीच असेल तेव्हा थर्ड पार्टीचा उपयोग नसतो, हा विमाच कामाला येतो.

माझी सूचना

कमिटीपुढे माझी एक सूचना आहे. प्रत्येक विंगमधून दोन माणसं नेमा. अपघाताचा फोन आला की एक हॉस्पिटलला जाईल आणि केस पेपरवर काय लिहिलंय ते बघेल, दुसरा घटनास्थळी आणि पोलीस ठाण्यात. ऑफिसमध्ये एक फाईल ठेवा, तिच्या पहिल्या पानावर अपघाताची तारीख आणि त्याखाली सहा महिन्यांनंतरची तारीख लाल पेनाने. आपल्या गेटच्या कॅमेऱ्यात रस्ता दिसतो. आवारासमोर अपघात झाला तर त्या दिवसाचं रेकॉर्डिंग सेक्रेटरींनी लगेच वेगळं काढून ठेवावं, कोणाच्या अर्जाची वाट बघू नये, असा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत करावा. याला खर्च एका पेन ड्राइव्हचा आहे.

पंचवीस वर्षांत आपण पाण्याच्या टाकीसाठी भांडलो, पार्किंगसाठी भांडलो, आणि कोणाच्या घरी दुःख झालं की डबे घेऊन गेलो. डबे न्यायचेच आहेत. जाताना ती कापडी पिशवीही घेऊन जा, आणि त्या दिवसाची बिलं तिच्यात टाकून या.

कोणाच्या घरी असं प्रकरण चालू असेल तर मी रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात बसतो. कागद घेऊन या, एकत्र बघू.